रांग मोडा, रांग लावा!

दोस्तांनो, एक गुपित सांगू? माझ्या स्वयंपाकघरात आत्ता 24 कासवं बसली आहेत!

खरीखुरी नाहीत हं. यांचे पाय काजूचे, पोट कॅरॅमलचं आणि पाठ चॉकलेटची!

अमेरिकेत नाताळ जवळ आला की ही मिठाई खूप घरांत करतात. डब्यात भरायची आणि शेजाऱ्यांना वाटायची. आपल्याकडे गोव्यात आणि वसईत नाताळला गोडाची ताटं शेजारी जातात ना, तसंच. तिकडे काजूऐवजी पेकान वापरतात. पेकान म्हणजे अक्रोडाच्या कुळातला भाऊ. त्याचे तुकडे गोळीखालून पायांसारखे डोकावतात. म्हणून मिठाईचं नावच पडलं ‘टर्टल’. म्हणजे कासव!

गेल्या वर्षी मी आणि माझ्या भाचीनं पहिल्यांदा कासवं केली. भाची तेव्हा चौथीत होती.

आणि काय झालं, ओळखा पाहू? फजिती! तीसुद्धा डबल!

कॅरॅमल मऊ व्हायचं, ते झालं खरखरीत. दाताखाली वाळू आल्यासारखं. आणि चॉकलेटवर दुसऱ्या दिवशी पांढुरके पट्टे!

“मावशी,” भाची म्हणाली, “आपली कासवं एका रात्रीत म्हातारी झाली!”

मग आम्ही दोघी कारण शोधायला लागलो. गंमत म्हणजे दोन्ही फजित्यांच्या मागे एकच भानगड निघाली. रांग!

हो, तुमच्या शाळेत प्रार्थनेला लागते ना, तीच रांग!

साखरेची शाळा

साखरेचा एक दाणा भिंगाखाली धरा. कोपरे कसे नेटके! कडा कशा चकचकीत!

या दाण्यात साखरेचे अगणित बारीक कण असतात. त्यांना रेणू म्हणतात. ते इतके बारीक, की आपल्या भिंगातून दिसायचेच नाहीत. पण उभे कसे असतात, माहितीये? प्रार्थनेच्या मुलांसारखे! हातभर अंतर घेऊन, पुढच्याच्या मागे मागचा. अशा शिस्तीच्या रचनेला म्हणतात स्फटिक. साखरेचा मोठ्ठा स्फटिक तुम्ही खाल्लाय. आठवा बरं... खडीसाखर!

आणि ऐका! इंग्रजीतला ‘कँडी’ हा शब्द कुठून आला असेल? आपल्या ‘खंड’ या संस्कृत शब्दातून! साखरेचा खंड, म्हणजे तुकडा. हा शब्द इराणी आणि अरबी लोकांच्या तोंडून फिरत फिरत युरोपात पोचला.

आता ही शाळा सोडू या. पातेल्यात 1 वाटी साखर, पाव वाटी पाणी, लिंबाच्या रसाचे 4 थेंब. खाली गॅस. साखर विरघळली की शाळा सुटली! रांगा मोडल्या, रेणू पाण्यात सैरावैरा पळाले.

इथे एक आश्चर्य आहे. साधं पाणी 100 अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं. गॅस कितीही मोठा करा! पाक मात्र थांबत नाही. पाणी वाफ होऊन जात राहतं आणि पाक तापतच राहतो. 110, 120, 150 अंश!

म्हणून एक नियम अगदी पक्का. गॅसजवळ मोठी माणसंच जाणार. पाकाचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो. शिवाय तो कातडीला चिकटून बसतो! आपण ओट्यापासून दोन पावलं लांब उभं राहायचं आणि नाक उघडं ठेवायचं.

नाक कशाला? सांगते!

वास आला कुठून?

साखरेच्या डब्यात नाक घाला. वास येतो? नाही ना?

पण पाक 160-170 अंशांच्या आसपास पोचला की सोनेरी होतो. मग मधासारखा तांबूस. आणि घरभर असा काही वास सुटतो, की शेजारची मुलं दार वाजवतात!

डब्यात तर फक्त साखर होती. मग हा वास आला कुठून?

तुमच्याकडे ठोकळे असतील ना, जोडायचे? घर मोडलं की त्याच ठोकळ्यांची गाडी होते. गाडी मोडली की विमान. उष्णता साखरेच्या रेणूंशी हाच खेळ खेळते. रेणू मोडतात, तुकडे नव्यानं जुळतात आणि शेकडो नवे पदार्थ तयार होतात! काहींना लोण्यासारखा वास, काहींना भाजल्यासारखा, काही चक्क कडू. एकाच साखरेतून!

आता गॅस बंद. पातेल्यात कोमट केलेलं अर्धी वाटी क्रीम हळूहळू घालायचं. आणि... फस्स्स! पाक एकदम फसफसून वर येतो!

फोडणीत ओला कढीपत्ता पडला की कसा तडतडतो? तीच ही गंमत. क्रीममधल्या पाण्याला इतका ताप सोसत नाही. त्याची झटक्यात वाफ होते. म्हणून पातेलं खोल हवं.

मग 50 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, आणि परत मंद गॅस. क्रीममुळे मिश्रण निवलेलं असतं. आता त्याला 118 ते 120 अंशांपर्यंत न्यायचं.

थर्मामीटर नाही? काही बिघडत नाही! आपल्या आज्यांकडे कुठे होता? त्यांच्याकडे होती गार पाण्याची वाटी.

पाण्यात मिश्रणाचा थेंब टाकायचा. विरघळून पसरला? मग पाक अजून कच्चा. बोटांत धरून त्याची गोळी वळली, दाबली तर दबली, पण सोडल्यावर आकार धरून राहिली? झालं आपलं कॅरॅमल! आणखी बराच तापवला असता तर थेंब कडक झाला असता आणि ताटलीवर आपटल्यावर टण्ण वाजला असता. चिक्कीसाठी नेमका तसाच पाक लागतो.

थेंब टाकायचं काम मोठ्यांचं. पाण्यात तो गार झाला की बोटांनी तपासायचं काम तुमचं!

स्टॅच्यू!

आता आमची पहिली फजिती.

मिश्रण गार व्हायला लागलं की साखरेच्या रेणूंना शाळेची आठवण येते. परत रांगा लावू या, म्हणतात! त्या लागल्या की तयार होतात दाणे. आणि कॅरॅमल होतं वाळू.

म्हणजे कॅरॅमल करायचं तर रांगा लागूच द्यायच्या नाहीत. पण कशा?

मधल्या सुट्टीत सगळे धावतायत, आणि कुणीतरी ओरडलं, “स्टॅच्यू!” एक जण उडी मारताना थिजला. एक जण वाकलेला. कुणीच रांगेत नाही, पण हलतही नाही. कॅरॅमल म्हणजे अगदी हेच! ते गार होताना इतकं दाट होतं, की रेणूंना रांगेपर्यंत पोचताच येत नाही.

आणि खिडकीची काच? तिचेही कण असेच, बिनरांगेचे आणि थिजलेले! चिक्कीच्या कडक पाकात पाणी जवळजवळ उरतच नाही. तो तर चक्क साखरेची काच असतो. आपण काच खातो, दोस्तांनो! कॅरॅमलमध्ये थोडं पाणी आणि क्रीम-लोण्याची चरबी उरते. म्हणून ते मऊ राहतं.

आणि ते लिंबाचे 4 थेंब आठवतात? त्यांचं काम भारीच आहे!

साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे तीन पायांच्या शर्यतीतली जोडी. एकाचं नाव ग्लुकोज, दुसऱ्याचं फ्रुक्टोज. लिंबाचा आंबटपणा काही जोड्यांचे पाय सोडवतो. मग हे सुटे गडी जोड्यांच्या मधेमधे लुडबुडतात. आणि रांग काही नीट लागत नाही!

गेल्या वर्षी आम्ही लिंबू विसरलो होतो. वर भाचीनं साखरेच्या डब्यातला चमचा तसाच पाकात फिरवला. त्याला चार दाणे चिकटलेले होते. ते दाणे म्हणजे शिस्तीचे मॉनिटर! “चला रे, माझ्यामागे उभे राहा!” झालं. बघता बघता अख्खं पातेलं रांगेत!

पाय आंब्याच्या भावाचे!

कासवाला पाय हवेत. चार पाय आणि एक डोकं, म्हणजे प्रत्येकाला 5 काजू.

काजू कुणाचा नातेवाईक आहे, ओळखा! बदामाचा? चूक! आंब्याचा! दोघं एकाच कुळातले. आणि हा भाऊ भलताच वेंधळा. बाकीची फळं बी पोटात जपून ठेवतात, तर काजूची बी फळाच्या बाहेर लोंबकळत असते! पोर्तुगिजांनी हे झाड ब्राझीलमधून गोव्यात आणलं. ‘काजू’ हे नावही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आलं.

काजू आधी मंद आचेवर बदामी रंगावर भाजून घ्यायचे. पोळीवरचे तपकिरी डाग, पावाची कड, भाजलेला काजू, सगळ्यांचा खमंगपणा एकाच कारणानं येतो. उष्णतेत साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांशी जुळतात. 1912 साली मेयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. म्हणून या क्रियेला त्याचंच नाव मिळालं!

तूप लावलेल्या ताटात काजूचे पाय मांडा. कॅरॅमल थोडं निवलं की मोठ्यांनी प्रत्येकावर एक चमचा सोडायचं. झाली पोटं!

एक मात्र विसरू नका. काही मुलांना काजू किंवा शेंगदाणे बाधतात, आणि चांगलेच बाधतात. म्हणून कुणालाही देण्याआधी विचारायचं!

आता रांग लावा!

उरली पाठ. आणि इथे सगळा खेळ उलटा!

चॉकलेट कोकोच्या बियांपासून होतं. कोकोची फळं फांदीच्या टोकाला येतच नाहीत. ती लागतात थेट खोडाला. आपल्या फणसासारखी! त्या बियांत एक चरबी असते, कोको बटर. चॉकलेटची सगळी चमक तिच्या हातात.

कोको बटरच्या कणांना रांगेत उभं राहायला आवडतं. पण त्यांना एक नाही, सहा प्रकारच्या कवायती येतात! त्यातली पाचवी आपल्याला हवी. पाचव्या कवायतीतलं चॉकलेट चकचकीत दिसतं, मोडताना ‘कट्’ असा आवाज करतं आणि सुमारे 34 अंशांना वितळतं.

आपलं तोंड किती गरम? 37 अंशांच्या आसपास! म्हणून चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि जिभेवर गेलं की विरघळतं. वितळताना ते जिभेची उष्णता ओढून घेतं. म्हणून किंचित गारही लागतं. पुढच्या वेळी डोळे मिटून बघा!

पण चॉकलेट वितळवून तसंच गार होऊ दिलं, तर कण वाटेल त्या कवायतीत उभे राहतात. मग काही दिवसांत चरबी वर येते आणि पांढरे पट्टे उमटतात. दप्तरात वितळून परत घट्ट झालेलं चॉकलेट असंच दिसतं ना? ती बुरशी नसते, बरं! नुसत्या चुकलेल्या रांगा असतात.

तर ही होती आमची दुसरी फजिती.

मग पाचवी कवायत शिकवायची कशी? सोप्पं आहे! 200 ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या. वेष्टनावर ‘कोको बटर’ लिहिलंय ना, ते बघा. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी चरबी असते, त्याला ही कवायत लागत नाही. आता दोन भाग चॉकलेट वाडग्यात घालून गरम पाण्याच्या पातेल्यावर वितळवा. आत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, नाहीतर सगळ्याचा घट्ट गोळा होतो! वाडगं खाली उतरवा. उरलेला एक भाग बारीक चिरून त्यात ढवळा.

हे चिरलेले तुकडे कोण, सांगा पाहू? शिस्तीचे मॉनिटर! त्यांना पाचवी कवायत आधीच येते. बाकीचे त्यांचं बघून शिकतात.

बघा हं, कॅरॅमलमध्ये ज्या मॉनिटरनं घोटाळा केला, तोच इथे हिरो!

चॉकलेट 31-32 अंशांवर आलं की तयार. हेही ओठाला कळतं! स्वच्छ चमच्यानं एक थेंब खालच्या ओठाला लावा. गरम लागायला नको, किंचित गार लागायला हवा. कारण ओठ त्याहून थोडा गरम असतो!

मग कासवाला काट्यावर बसवा, पाठीकडून चॉकलेटमध्ये बुडवा आणि परत ताटात. डिसेंबरची थंडी पुढचं काम करते. मे महिन्यात नागपूरला हा उद्योग केलात तर कासवांचं तळं होईल!

भाचीनं यंदाचं पहिलं कासव उचललं. कट्! बाहेरची रांग मोडली. मग दात कॅरॅमलमध्ये रुतले, आणि ते ताणलं गेलं, लांऽऽब! मग कुरकुरीत काजू.

ती चघळत चघळत म्हणाली, “मावशी, वर प्रार्थना आणि आत मधली सुट्टी!”

एवढं नेमकं तर मलाही सुचलं नव्हतं.

बरं, सुरुवातीला 24 कासवं म्हणाले होते ना मी? लेख लिहून झाला आणि आत्ता मोजली, तर 19!

आणि म्हणे कासव हळू चालतं!