अग्निबाणाच्या एंजिनाची परीक्षा : चाचणी, कसोटी आणि पारख

अग्निबाणाच्या एंजिनांसंबंधीच्या मराठी लिखाणात 'चाचणी' हा शब्द वारंवार आढळतो. नव्या एंजिनाचे पहिले ज्वलन ही चाचणी. आराखडा निश्चित झालेल्या एंजिनाचे दीर्घकाळ चालविलेले ज्वलन हीही चाचणी. आणि कारखान्यातून आलेले एंजिन उड्डाणास पाठविण्यापूर्वी थोडा वेळ पेटवून पाहणे हीदेखील चाचणीच. दैनंदिन व्यवहारास हे पुरेसे असेल. परंतु या तीन क्रियांचे हेतू भिन्न आहेत व त्यांतून मिळणारी उत्तरेही भिन्न आहेत. एकीचे उत्तर दुसरीचे मानून चालल्यास काय घडते, याची उदाहरणे व्यापारी अंतराळ-उड्डाणाच्या अल्प इतिहासातही सापडतात. प्रस्तुत लेखाचा उद्देश या तीन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या करून दाखविणे व त्यांच्यासाठी तीन स्वतंत्र संज्ञा सुचविणे हा आहे.

१. गणिताची मर्यादा

मुळात एंजिन पेटवून का पाहावे लागते, याचा विचार प्रथम केला पाहिजे. द्रव इंधनाच्या एंजिनात इंधन व द्रव ऑक्सिजन टर्बोपंपाच्या साहाय्याने मोठ्या दाबाखाली ज्वलनकक्षात लोटले जातात. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून ते तुषाररूपाने बाहेर पडतात, एकमेकांत मिसळतात आणि जळतात. निर्माण होणारे तप्त वायू नोझलमधून वेगाने निसटतात व त्यांच्या प्रतिक्रियेने रेटा उत्पन्न होतो. येथवरची मांडणी सोपी आहे. तथापि कक्षातील तापमान ३,००० अंश सेल्सियसच्याही पुढे जाते, आणि कक्षाची भिंत ज्या तांब्याच्या मिश्रधातूची असते त्यातील तांबे १,०८५ अंशांवरच वितळते. भिंत टिकते ती केवळ तिच्या पोटातील अरुंद मार्गिकांतून इंधन सतत खेळविल्यामुळे. त्याच एंजिनात थोड्याच अंतरावर उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन वाहत असतो. एवढ्या टोकाच्या अवस्था एकाच यंत्रात शेजारी नांदत असता त्यांचा परस्परांवर होणारा परिणाम सर्वस्वी गणिताने वर्तविता येत नाही.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या सॅटर्न-५ या अग्निबाणाचे एफ-१ एंजिन होय. १९६२ साली मंचावर चालू असता या एंजिनाच्या ज्वलनात दाबाची आंदोलने उद्भवली आणि एंजिन नष्ट झाले. ही आंदोलने केव्हा व का सुरू होतात, याचे समाधानकारक सूत्र त्या वेळी उपलब्ध नव्हते. अखेर तंत्रज्ञांनी उलटा मार्ग धरला. चालू एंजिनाच्या कक्षात मुद्दाम लहानसा स्फोट घडवून आंदोलन निर्माण करावयाचे आणि ते आपोआप किती वेळात शमते हे मोजावयाचे. इंजेक्टरच्या तोंडावर धातूच्या आडभिंती उभारून व छिद्रांची रचना पुनःपुन्हा बदलून, सुमारे २,००० पूर्णाकृती ज्वलनांनंतर, असे आंदोलन एक दशांश सेकंदाच्या आत शमविणारी रचना हाती आली.

२. चाचणी

वरील प्रकार हा पहिल्या क्रियेचा नमुना आहे. येथे एंजिन अजून घडत असते. प्रश्न 'हे चांगले आहे काय?' असा नसून 'हे कसे असावे?' असा असतो. एंजिन फुटले तरी उत्तर मिळालेले असते. म्हणून या टप्प्यावरील अपयश हे सर्वांत स्वस्त अपयश होय. या क्रियेपुरता 'चाचणी' हा शब्द राखून ठेवणे इष्ट ठरेल.

व्यापारी उड्डाणाने चाचणीचे हे रूप बदलले नाही, परंतु तिला विचारावयाचा प्रश्न बदलला. २००२ साली स्थापन झालेल्या स्पेसएक्स या कंपनीच्या मर्लिन एंजिनाच्या पहिल्या आवृत्तीत कक्षाची आतील बाजू हळूहळू जळून जाऊन उष्णता वाहून नेत असे. ही रचना साधी होती, पण भिंत प्रत्येक ज्वलनात झिजत असल्याने एंजिनाचे आयुष्य ठरून गेलेले असे. फाल्कन-१ या अग्निबाणाच्या २००६ व २००७ च्या उड्डाणांनंतर तिच्या जागी इंधनाने थंड राखलेली भिंत आली. ही घडविण्यास अवघड, परंतु पुनःपुन्हा पेटविता येणारी. सरकारी योजनेत 'किती रेटा?' हा प्रश्न अग्रभागी असे. व्यापारात त्याच्या शेजारी 'किती वेळा?' हा प्रश्न येऊन बसला.

३. कसोटी

आराखडा निश्चित झाला की दुसरी क्रिया सुरू होते. आता एंजिनात फेरफार करावयाचा नसतो. ठरविलेल्या मानकाला ते उतरते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. उड्डाणात पडेल त्याहून अधिक काळ, अधिक दाबाने व अधिक प्रतिकूल स्थितीत ते चालवून पाहतात. यास 'कसोटी' हा शब्द सर्वस्वी योग्य आहे. सोनाराची कसोटी म्हणजे सोने घासून त्याचा कस ठरविण्याचा दगड. या क्रियेत दोन गोष्टी गृहीत आहेत : तुलनेचे मान आधीच ठरलेले असते, आणि घासताना थोडे सोने दगडावर राहते. कसोटीला लावलेली एंजिने अशीच मंचावर खर्ची पडतात. त्यांनी दिलेला निर्वाळा त्यांच्या जातभाईंसाठी असतो.

भारताच्या सीई-२० या क्रायोजेनिक एंजिनाचे उदाहरण येथे बोलके आहे. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात हेच एंजिन होते. म्हणजे व्यापारी उड्डाणाला ते उतरले होते. तरीसुद्धा गगनयान योजनेत मनुष्य नेण्यासाठी त्याची कसोटी नव्याने घ्यावी लागली. तमिळनाडूतील महेंद्रगिरी येथे चार एंजिनांची मिळून ३९ ज्वलने झाली. मानकानुसार किमान ६,३५० सेकंद आवश्यक असता प्रत्यक्षात ८,८१० सेकंद ज्वलन करण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही कसोटी पूर्ण झाली. एंजिन तेच, परंतु प्रयोजन बदलताच कसोटीही बदलते.

या कसोटीत निर्वात स्थितीतील प्रज्वलनाच्या प्रयोगांचाही समावेश होता. त्याचे महत्त्व फाल्कन-१ च्या तिसऱ्या उड्डाणावरून ध्यानी येते. ३ ऑगस्ट २००८ रोजी पॅसिफिक महासागरातील क्वाजालीन प्रवाळद्वीपावरून हे उड्डाण झाले. नवे मर्लिन एंजिन अपेक्षेप्रमाणे चालले व ठरल्या वेळी बंद झाले. मात्र बंद झाल्यावरही शीतक मार्गिकांत उरलेल्या इंधनामुळे क्षणभर किंचित रेटा शिल्लक राहिला. त्यामुळे विलग झालेला पहिला टप्पा पुढे सरकून दुसऱ्या टप्प्यावर आदळला आणि उड्डाण वाया गेले. जमिनीवरील मंचावर हा रेटा दिसला नव्हता. कारण कक्षातील तो उरलेला दाब वातावरणाच्या दाबाहूनही कमी होता. भोवतालच्या हवेने जे झाकले होते ते निर्वातात उघडे पडले. दोष दूर करण्यास एंजिनाला हातही लावावा लागला नाही. एंजिन बंद होणे व टप्पे विलग होणे यांतील अवधी वाढविण्यात आला, आणि २८ सप्टेंबर २००८ रोजी तोच अग्निबाण कक्षेत पोहोचला. खाजगी संस्थेने विकसित केलेला, द्रव इंधनाचा, कक्षेत पोहोचलेला हा पहिला अग्निबाण होय. कसोटीचे उत्तर ज्या परिस्थितीत ती घेतली त्या परिस्थितीपुरतेच खरे असते, हा या घटनेचा अर्थ.

४. पारख

तिसरी क्रिया प्रत्येक एंजिनापुरती असते. आराखडा कसाला उतरला असला तरी समोरचा हा विशिष्ट नग निर्दोष आहे काय, हे पाहावेच लागते. कसोटीत एंजिन खर्ची पडले तरी चालते. येथे मात्र ते उड्डाणासाठी शाबूत राहिले पाहिजे. म्हणून हे ज्वलन बेताचे ठेवतात. नाणे किंवा मोती एकेक घेऊन पाहणे यासाठी मराठीत 'पारख' हा शब्द आहे, आणि तोच येथे समर्पक होय.

पारख शक्य नसेल तर काय होते, हे सोव्हिएत रशियाच्या एन-१ या चांद्र-अग्निबाणाने दाखविले. त्याच्या पहिल्या टप्प्यात ३० एंजिने होती. त्यांतील काही झडपा एकदाच उडविता येणाऱ्या असल्याने एंजिन एकदा पेटविले की ते पुन्हा वापरता येत नसे. म्हणून प्रत्येक तुकडीतील काही नग जाळून पाहत व उरलेले न पेटविताच बसवीत. १९६९ ते १९७२ या काळातील चारही उड्डाणे अयशस्वी ठरली. पुढे एनके-३३ हे पुनःपुन्हा पेटविता येणारे सुधारित एंजिन तयार झाले. परंतु योजनाच गुंडाळली गेल्याने ती एंजिने गुदामात पडून राहिली.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या एरोजेट कंपनीने ती विकत घेतली. आवश्यक फेरफार होऊन एजे-२६ या नावाने ती अँटारेस या व्यापारी अग्निबाणाला बसविण्यात आली. मे २०१४ मध्ये यांपैकी एक एंजिन मिसिसिपी राज्यातील स्टेनिस केंद्राच्या मंचावर निकामी झाले. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश-स्थानकाकडे सामान नेणारा अँटारेस उड्डाणानंतर सुमारे १५ सेकंदांत खाली कोसळला. एका एंजिनाच्या ऑक्सिजन-पंपात फिरता भाग स्थिर भागाला घासून आग लागली होती. नासाच्या स्वतंत्र चौकशी-मंडळाला त्यामागील एकच एक मूळ कारण निश्चित करता आले नाही. आराखड्याची अपुरी भक्कमता, बाहेरचा कण आत जाणे किंवा घडणीतील दोष, अशा तीन शक्यता त्याने पुढे ठेवल्या. मात्र दोन निष्कर्ष स्पष्ट होते. अँटारेसच्या नव्या प्रयोजनासाठी या एंजिनांची कसोटी पुरेशा कसोशीने घेतली गेली नव्हती. आणि प्रत्येक नगाचे जे ज्वलन केले जाई ते पंपाच्या घडणीतील दोष हुडकून काढण्यास अपुरे होते. म्हणजे पारखेने कसोटीची जागा घेतली होती, आणि पारखही आपल्या जागी पुरी पडली नव्हती. पुढे अँटारेसला वेगळी एंजिने बसविण्यात आली.

५. पुनर्वापराने उभा केलेला प्रश्न

आजवरच्या विवेचनात एंजिन मंचावरून उड्डाणास जाते व परत येत नाही, हे गृहीत होते. डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ चा पहिला टप्पा सुखरूप उतरला, मार्च २०१७ मध्ये असा उतरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि पुढे काही टप्पे वीसहून अधिक वेळा उडाले. त्यामुळे उड्डाण करून आलेले एंजिन उकलून पाहण्याची सोय झाली. खरी झीज आता अनुमानाने नव्हे तर मोजून कळते. याच्या उलट ३० मे २०२४ रोजी अग्निकुल कॉसमॉस या भारतीय कंपनीने उडविलेले एंजिन त्रिमितीय मुद्रणाने एकसंध घडविलेले होते. अशा एंजिनात जोड नसल्याने सांध्यांतून गळती होण्याचा धोका कमी. परंतु जे जोडलेले नाही ते उकलूनही पाहता येत नाही, आणि पारखेचा भार आतील भाग न फोडता तपासणाऱ्या साधनांवर पडतो.

पुनर्वापरामुळे तीन क्रियांमधील सीमारेषा पुसट झाल्या, असे म्हणण्याचा मोह होतो. कारण एकच उड्डाण ग्राहकाचे काम करते, नगाची पारख करते व आराखड्याची मर्यादाही दाखविते. वस्तुतः त्यामुळे भेद राखण्याची गरज वाढली आहे. दहा वेळा उडालेले एंजिन पारखेस उतरलेले असते. त्यावरून त्याचा आराखडा अकराव्या उड्डाणाच्या कसोटीस उतरला, असे सिद्ध होत नाही. घडविताना चाचणी, मानकास लावताना कसोटी आणि नग निवडताना पारख, एवढा विवेक परिभाषेने पाळला, तर 'चाचणी यशस्वी' असे वृत्त वाचणाऱ्यास कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि कोणत्या प्रश्नाचे अद्याप मिळावयाचे आहे, हे निश्चितपणे कळू शकेल.