फुगीर गोधडी शिवा जरूर, पण झोपलेल्या बाळावर घालू नका

आमच्या विहाराच्या ओसरीत दर रविवारी वंदनेनंतर महिलांचा शिवणवर्ग बसतो. गेल्या थंडीत वर्गातल्या एका आजींना नात झाली. वजन भरलं दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, त्याला ऊब जपावी लागते, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मोबाईलवर पाहून आम्ही ‘पफ क्विल्ट’ शिवायला घेतली. अमेरिकेत तिला बिस्किट क्विल्टही म्हणतात. छोट्या छोट्या उशा एकमेकींना जोडाव्यात तशी ती दिसते.

कृती सोपी, पण वेळखाऊ. वरचा चौकोन ५ इंचांचा, रंगीत सुती कापडाचा. खालचा ४ इंचांचा, मांजरपाटाचा. वरचं जास्तीचं कापड प्रत्येक बाजूला एक चुणी घालून खालच्याशी जुळवायचं आणि तीन बाजू शिवायच्या. चौथ्या बाजूने मूठभर फायबर भरून तोंड बंद करायचं. असे ऐंशी चौकोन झाले की आठ-आठच्या दहा ओळी जोडून मागे अस्तर लावायचं. पाव इंच शिलाईत गेली तरी साधारण २८ बाय ३५ इंचांची गोधडी होते. कापड आधी धुऊन घ्यावं, म्हणजे खळ आणि कच्चा रंग निघून जातो. कापूस भरला तर तो धुतल्यावर गोळा होतो आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही, म्हणून आम्ही फायबर घेतलं. टीप दुहेरी मारावी. बटणं, टिकल्या, लोंबत्या फिती नकोत, त्या बाळाच्या तोंडात जातात. आणि सुया बसताना मोजाव्यात, उठताना पुन्हा मोजाव्यात.

गोधडी देखणी झाली. आजींनी ती नातीच्या अंगावर घातली. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या तेव्हा गोधडी सरकून बाळाच्या नाकापर्यंत आली होती आणि मानेला घाम सुटला होता. ताईंनी आधी ती बाजूला काढली, मग बोलल्या. आजी दोन दिवस रुसल्या होत्या. खरं तर चूक आम्हा सगळ्यांचीच होती.

एवढ्या लहान बाळाला तोंडावर आलेलं पांघरूण ढकलता येत नाही. मऊ फुगे नाकाशी दाबले जातात, सोडलेलाच श्वास परत आत जातो. ज्या देशातून ही गोधडी आली, तिथलेच बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाच्या झोपेच्या जागी उशा, लोड, जाड गोधड्या ठेवू नका म्हणतात. आपली राईची उशीही त्यातच आली. बाळाला उताणं झोपवा, ही मोहीम तिथे १९९४ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली.

मग ऊब कशी द्यायची? कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, हे सगळ्यात चांगलं पांघरूण. वडिलांनी आणि आजीनेही धरायला हरकत नाही. हाताच्या मागच्या बाजूने बाळाचं पोट आणि तळपाय चाचपावेत. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक आहे. पोट कोमट पण पाय गार असतील तर त्याला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यावं. दोन्ही गार लागले तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा.

झोपताना अंगात एक कपडा जास्त घालावा. पांघरायचंच तर पातळ सुती दुपटं छातीपर्यंत घ्यावं, कडा खाली खोचाव्यात, हात बाहेर ठेवावेत. खाली मात्र आपली जुनी गोधडी चालते. नऊवारीचे थर बोटा-बोटाच्या अंतरावर धावदोऱ्याने दाबलेले असतात, त्यामुळे ती सपाट राहते, फुगत नाही आणि एका दुपारच्या उन्हात वाळते.

आजींनी शेवटी स्वतःच्याच दोन सुती साड्यांची तशी एक शिवली. फुगीर गोधडी घडी घालून ठेवली होती, ती मान धरल्यावर बाहेर निघाली, तीही बाळ जागं असताना आणि कुणीतरी शेजारी बसलेलं असताना. आता नात तिच्यावर बसते आणि एकेक फुगा चिमटीत धरून ओढते. तिसऱ्या ओळीतली एक टीप उसवली आहे. येत्या रविवारी ती पक्की करायची आहे.