बरणीच्या तळाचा खार

आईच्या हातचं शेवटचं लोणचं संपत आलं, तेव्हाची गोष्ट. कैरीच्या फोडी केव्हाच संपल्या होत्या. चिनी मातीच्या बरणीच्या तळाशी वाटीभर खार उरला होता: मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि वर तेलाचा तवंग. आईला जाऊन आठ महिने झाले होते. तो खार मला वापरवेना आणि टाकवेना.

शेवटी धाकटी म्हणाली, "आई, आजी तर थालीपिठात घालायची!"

खरंच की! भाजणी भिजवताना दोन चमचे खार घातला की वेगळं तिखट नको. भरल्या कारल्यात दाण्याच्या कुटाबरोबर तर तो असा काही मुरतो! शिळा भात मात्र आई आधी फोडणीवर परतून घ्यायची आणि गॅस बंद केल्यावर खार कालवायची. फार तापवलं तर मोहरीचा नाकात जाणारा झणका उडून जातो. आणि मीठ? लोणचं टिकतं तेच मुळी मिठावर, तेव्हा खारात ते भरपूर असतंच. आधी खार, मग चव, लागलंच तर मीठ, हा आईचा क्रम. मी तो एकदा विसरले आणि अख्खी भाजी खारट झाली. (ह्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, हे विशेष!)

परवा रविवारी धाकटीने स्वतः थालीपीठ लावलं. बरणीत चमचा घालण्याआधी तिने तो फडक्याने दोनदा पुसून कोरडा केला. मी तिला सांगितलं नव्हतं.