आधी उंबरठा, मग इंजिन

ऑगस्ट 2023. कॅलिफोर्नियातल्या माँटरे इथल्या लिलावात एक फेरारी विकायला आली होती. जळालेला, चेपलेला, चुरगळून गेलेला पत्रा; पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे जवळ जाऊन पाहावे लागावे अशी अवस्था. 1954 ची ही ‘500 मोंडियल’, पिनिन फारिनाने बॉडी घडवलेल्या मोजक्या उघड्या गाड्यांपैकी एक. फ्रँको कोर्तेसे याने त्याच वर्षी इटलीतल्या मिल्ले मिलिया शर्यतीत ती पळवली होती. पुढे 1960 च्या दशकात तिला अपघात झाला, आग लागली आणि उरले ते एवढेच. इंजिनसुद्धा मूळचे राहिले नव्हते. तरीही लिलावाचे कमिशन धरून तिची किंमत झाली 18 लाख 75 हजार डॉलर.

घेणाऱ्याने नेमके काय घेतले? त्याने घेतला चासी क्रमांक 0406 एमडी, आणि त्या क्रमांकामागचा इतिहास. बाकी सगळे पुन्हा घडवता येते. क्रमांक घडवता येत नाही. घडवला तर तो गुन्हा ठरतो.

इतक्या टोकाला न जाताही हेच गणित दिसते. 2014 साली जर्मनीत ब्रांडेनबुर्गमधल्या एका कोठारात दोन जुन्या पोर्शे सापडल्या. त्यातल्या एकीचा पत्रा गंजाने खाल्लेला होता, पुढची मडगार्डे गायब होती. पण चासी क्रमांकाचा शेवट होता 57. म्हणजे ही गाडी 911 नव्हे, 901! मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून 1964 च्या अखेरीस पोर्शेने 901 चे नाव 911 केले. त्याआधीच्या मोजक्या गाड्यांतली ही एक. पोर्शेच्या स्वतःच्या संग्रहालयाकडेही तशी गाडी नव्हती. तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घेऊन संग्रहालयाने त्या सांगाड्याचे 1 लाख 7 हजार युरो मोजले, तीन वर्षे खपून तो उभा केला आणि डिसेंबर 2017 मध्ये लोकांपुढे मांडला.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते आणि अमेरिकनांना छोट्या, उघड्या, चपळ गाड्या हव्या होत्या. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार यांनी त्या पुरवल्या. इटली आणि जर्मनीने आपापली भर घातली. 1970 च्या दशकात सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले, तसा हा बहर ओसरला.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे जुनी स्पोर्ट्स गाडी घेताना काय तपासावे याकडे. कोट्यवधींच्या फेरारी सोडून देऊ. ज्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचे स्वप्न साधा नोकरदार माणूसही पाहू शकतो, ती एमजीबी. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावी पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या. त्यामुळे आजही विक्रीला सर्वाधिक दिसतात त्या याच, आणि फसवणूकही यांच्याच बाबतीत सर्वाधिक सोपी.

प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला असताना तिथे स्थायिक झालेल्या पुण्याच्या मित्राबरोबर अशी एक गाडी पाहायला गेला होता. ऑक्सफर्डशरमधले खेडे, सकाळची वेळ, अंगणात उभी असलेली लालबुंद उघडी एमजीबी. मित्र जागीच विरघळला. “अरे, रंग बघ रंग! काल शोरूममधून आणल्यासारखी आहे.” सोबत मित्राच्या शेजारचे एक निवृत्त मेकॅनिक आले होते. त्यांनी रंगाकडे पाहिलेही नाही, बॉनेट उघडायलाही सांगितले नाही. खिशातून लोहचुंबक काढले, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून ते रुमालात गुंडाळले आणि गुडघे टेकून दाराखालच्या पट्टीवरून हळूहळू फिरवत नेले. पुढच्या चाकामागे चुंबक चिकटले. वीतभर पुढे सुटून हातात आले. पुन्हा चिकटले, पुन्हा सुटले. जिथे सुटले तिथे रंगाखाली पत्रा नव्हता, पुट्टी होती.

त्या पट्टीला इंग्रजीत ‘सिल’ म्हणतात. मराठीत तिला उंबरठा म्हणावे. दाराखाली असते आणि सारे घर तोलून धरते. एमजीबीच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी भक्कम चासी होती. एमजीबीला ती नाही, तिची बॉडीच चासीचे काम करते. त्यातून उघडी गाडी म्हणजे वर छताचाही आधार नाही. पुढची दोन चाके आणि मागची दोन चाके यांना एकत्र धरून ठेवण्याचे बरेचसे काम दोन्ही बाजूंचे हे उंबरठे करतात.

उंबरठा वरून एक पट्टी दिसतो, पण आत पेटी असते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, दोहोंच्या मध्ये उभा पडदा आणि तळाला एक दुमडलेली पट्टी, जिला मेकॅनिक मंडळी ‘कॅसल रेल’ म्हणतात. ‘कॅसल’ म्हणजे किल्ला. राजगडाच्या किंवा सिंधुदुर्गाच्या तटावरच्या चर्या आठवाव्यात, तशी या पट्टीची कड खालीवर कातरलेली असते. चर्यांमधल्या फटींतून आतले पाणी निथळून जावे, अशी योजना. चाकांनी उडवलेला चिखल पुढच्या मडगार्डात साचतो, तिथून ओल उंबरठ्यात शिरते, फटी चिखलाने किंवा खालून फासलेल्या डांबरी लेपाने बुजतात आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरच्या रंगावर पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पडदा केव्हाच गेलेला असतो.

खरी दुरुस्ती कष्टाची असते. बाहेरचा पत्रा पुढच्या आणि मागच्या मडगार्डांच्या आत शिरलेला असल्याने पुढचे मडगार्ड खोलावे लागते, मागच्याचा खालचा भाग कापावा लागतो. त्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे टेकू वेल्ड करून बॉडी जागच्या जागी धरावी लागते. तसे न करता जुना उंबरठा कापला, तर गाडी मधोमध वाकते आणि नवा पत्रा त्या वाकलेल्या अवस्थेतच पक्का होतो. पळवाट मात्र एका दुपारची असते. कुजलेल्या पत्र्यावर नवे आवरण टाचायचे, सांधे पुट्टीने भरायचे, वर चकचकीत लाल रंग मारायचा. म्हणून मडगार्ड आणि उंबरठा यांच्यामधली जोडरेषा बोटाला लागते का, हे आधी पाहावे. ती बुजलेली असेल, तर कोणीतरी काहीतरी झाकले आहे.

ऑक्सफर्डशरच्या त्या अंगणात दुसरी परीक्षा जॅकची झाली. मेकॅनिकनी दार किंचित उघडे ठेवायला सांगितले आणि गाडीची एक बाजू हळूहळू उचलली. मग दार लावून पाहिले. लागेना. मागची वरची कड बॉडीला घासत होती. उंबरठा धड असता तर दार जागेवर बसले असते. मित्राचा चेहरा उतरला. आपल्याला विकतानाही उंबरठे धड आहेत असेच सांगितले होते, असे विक्रेता म्हणाला, आणि ते खरेही असावे.

इंजिनाची मात्र फार चिंता करू नये, हे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. एमजीबीचे 1798 सीसी इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटर कंपनीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातले. आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरचे 1489 सीसी इंजिन त्याच घराण्यातले धाकटे भावंड. ज्या मिस्त्रीने ॲम्बॅसेडर उघडली आहे, त्याला एमजीबीचे इंजिन परके वाटणार नाही. धूर, तेलाची गळती, खडखड यांवर उपाय आहेत आणि सुटे भाग आजही मिळतात. सीटमागे बॅटरीची जागा असते, तिथला गालिचा मात्र जरूर उचलावा. ॲसिडने तिथला पत्रा चाळणी झालेला असतो.

फायबरग्लासच्या गाड्या घ्याव्यात, म्हणजे गंजाची भानगडच नाही, असे काहींना वाटते. लोटस एलान पाहावी. बॉडी फायबरची, पण आतला कणा पोलादाचा. वर उघडणारे तिचे दिवे हवेच्या पोकळीवर चालतात आणि त्या पोकळीची साठवण कण्याच्या पुढच्या आडव्या तुळईतच केलेली आहे. तुळई आतून गंजून छिद्र पडले, की दिवे कुरकुरू लागतात. दिव्यांची तक्रार दिसली तर वायरिंगआधी कणा तपासावा.

सांगाड्याचे हे महत्त्व सरकारी नियमांतही उतरले आहे. मूळ गाडीत फार मोठे बदल झाले, तर तिची ओळख टिकली का हे ठरवायला ब्रिटनच्या नोंदणी खात्याने अनेक वर्षे गुणपद्धत वापरली. किमान 8 गुण लागत. चासी किंवा बॉडीला 5. सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी 2. इंजिनाला फक्त 1. एमजीबीपुरता आणखी एक दिलासा असा, की मूळचे साचे जमवून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने 1988 पासून तिची संपूर्ण बॉडी पुन्हा बनवायला घेतली. कारखाना बंद पडून आठ वर्षे झाल्यावर! म्हणजे पार कुजलेली एमजीबीही वाचू शकते. फक्त नव्या बॉडीचा आणि ती जुळवण्याच्या मजुरीचा खर्च आधी मांडून, मग भाव करावा.

भारतात हा विचार वेगळ्या कारणाने करावा लागतो. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आहे. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली, रंग उडालेली पण कोणी हात न लावलेली गाडी अधिक मोलाची. तिचे दोष उघड दिसतात, मोजता येतात.

मित्राने अखेर लाल गाडी सोडली आणि दोन महिन्यांनी मळकट तपकिरी रंगाची, छत असलेली एमजीबी जीटी घेतली. बॅटरी उतरलेली, सीट फाटलेली, पण चुंबक पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकदाही सुटले नाही.

कुणाला अशी गाडी पाहायला जायचेच असेल, तर सोबत लोहचुंबक, रुमाल आणि जॅक न्यावा. दार उघडे ठेवून गाडी उचलू देता का, एवढे विक्रेत्याला आधीच विचारावे. तो नाही म्हणाला, तर पैसे बाहेर न काढता परत यावे.