अंगभूत मोडेम मुका का राहतो?

केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पांढरकवड्यात तारेची जोडणी खंडित झाली, की नगरपरिषदेचे ऑनलाइन काम अडते. अशा वेळी सिमकार्ड घालण्याची सोय असलेला लॅपटॉपमधील मोडेम उपयोगी पडतो. मात्र लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली, किंवा तिच्यावर आधारलेली सी-डॅकची ‘बॉस’, बसविल्यावर तो कधी कधी मुका राहतो. मग यंत्र नादुरुस्त ठरवून यवतमाळला धाडण्याची घाई होते. ती बहुधा अनाठायी असते.

लिनक्समध्ये मोडेमचा कारभार ‘मोडेममॅनेजर’ ही आज्ञावली पाहते. तिच्या यादीत मोडेम नसल्यास तो बायॉसमध्ये बंद केलेला असू शकतो. यादीत असूनही ‘कुलूपबंद’ असा शेरा आल्यास सिमचा पिन द्यावा.

खरा पेच पुढेच आहे. मोडेम दिसतो, सिम उघडते, तरी रेडिओ सुरू होत नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाच्या नियमांपोटी निर्माते मोडेमला एक कुलूप घालतात. संगणकाकडून सांकेतिक संदेश आल्यावरच ते उघडते. विंडोजमध्ये हे काम निर्मात्याची आज्ञावली गुपचूप उरकते. मोडेममॅनेजर मात्र आवृत्ती १.१८.४ पासून ते आपण होऊन करीत नाही. काही मोडेमांसाठी लघुआज्ञावली सोबत मिळते. ती प्रशासकीय अधिकार असलेल्या वापरकर्त्याने एकदा लागू करावयाची असते.

जाळ्यात नोंदणी होऊनही माहिती येत-जात नसेल, तर एपीएन तपासावे. बीएसएनएलसाठी ते ‘बीएसएनएलनेट’ असे, लहान रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहितात.