एक ओव्हन, पाच ताटं

चंडीगडच्या सेक्टर ३२ मधून बोलते आहे. डिसेंबर संपत आला की इथे दाट धुकं उतरतं आणि संध्याकाळी स्वयंपाकघराची ऊब सोडवत नाही. आमच्याकडे दर ३१ डिसेंबरला ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण असतं, सगळ्यांनी एकत्र बसून. घरात प्रत्येकाचं पथ्य वेगळं असताना हे कसं जमवायचं, ते आज सांगते.

आधी आमची माणसं. सासूबाई माळकरी. मांसाहार नाहीच, कांदा-लसूणही त्यांनी सोडलाय. ह्यांना मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन असतं. सून पंजाबी, तिला सिलिॲक. मुलगा आणि मी सगळं खातो, त्यातही मुलाला चिकन हवंच.

सिलिॲक म्हणजे गहू न पचणं एवढंच नव्हे. गव्हात आणि सातूत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. उपाय एकच, ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद. गहू खाणाऱ्या उत्तर भारतात हा आजार बराच आढळतो. आपल्याकडे डब्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तेव्हा ‘चिमूटभराने काय होतंय?’ हा प्रश्न इथे विचारायचाच नाही.

मी मात्र चुकले. सून घरात आल्यावरच्या पहिल्याच ३१ डिसेंबरला मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “गव्हाचं काहीही घातलेलं नाही, पोटभर जेव.” ती जेवली आणि रात्रभर पोट धरून बसली. सकाळी मी एकेक डबा तपासला. भाजलेल्या भाज्यांवर मी आपली नेहमीची हिंगाची फोडणी ओतली होती. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. बाजारातला बराचसा हिंग डिंक आणि पीठ मिसळून केलेला असतो, काहींत तांदळाचं, पुष्कळांत गव्हाचं. पस्तीस वर्षं फोडण्या देऊन हे मला ठाऊक नव्हतं. सून एवढंच म्हणाली, “मम्मीजी, विचारायला संकोच वाटला.” ते मला जास्त लागलं.

त्या दिवसापासून मी पथ्यांचे तीन गट करते. पहिला ‘अजिबात चालत नाही’: सुनेचं ग्लूटेन. कणभर गेलं तरी इजा. दुसरा ‘व्रत आहे’: सासूबाईंचं. चुकलं तर आजार होणार नाही, पण मन दुखावेल, म्हणून भांडी आणि पळ्या वेगळ्या. तिसरा ‘बेताने’: ह्यांचा मधुमेह. त्यांना वेगळा पदार्थ लागत नाही, लागतं ते प्रमाण आणि वेळ. चौथी नुसती आवड असते, तिची सोय सगळ्यात शेवटी. हे गट पाडले नाहीत तर आपण पाच स्वयंपाक करत बसतो आणि खरा धोका असतो तिथेच नजर चुकते.

आता कृती. पाया असा धरायचा की तो पाचही जणांना चालेल. रताळी, बटाटे, गाजर, फ्लॉवर आणि पनीर. वरून तेल, मीठ, मिरपूड, हळद, ओवा. हिंग नाही, लसूण नाही, तयार मसाला नाही. ओव्हन २०० अंशांवर तापवून ट्रे साधारण ४० मिनिटं ठेवायचा. मध्ये एकदा भाज्या उलटायच्या, पनीर शेवटच्या दहा मिनिटांत. सासूबाईंचा वाटा आधी काढून झाकायचा.

त्यानंतर चिकन, वेगळ्या ट्रेमध्ये. दही, आलं-लसूण, तिखट, मीठ लावून ठेवलेल्या तंगड्या २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. हाडाजवळच्या मांसाचं तापमान ७४ अंश झालं की शिजलं समजा. ट्रेमधल्या रसाचा रस्सा करायचा तर तो मैद्याने नको, तांदळाच्या पिठाने दाट करा. सोया सॉसच्या वाटेला जाऊ नका, त्यात बहुधा गहू असतो.

पोळीऐवजी सगळ्यांनाच मक्याची रोटी. इथे हिवाळ्यात ती घरोघरी असतेच. तुम्ही इंदूर, बेळगाव, हैदराबादला असाल तर ज्वारीची भाकरी करा. पण पीठ कुठे दळलं ते बघा. ज्या गिरणीत आधी गहू दळला, त्यातून आलेल्या ज्वारीत गहू असणारच. लाकडी पोळपाट-लाटणंही कणीक धरून ठेवतं, म्हणून सुनेची रोटी हातावर थापून वेगळ्या तव्यावर.

ह्यांच्या ताटात अर्धा भाग बटाटा-रताळ्याशिवायच्या भाज्यांचा, पाव भाग चिकन किंवा पनीर, आणि उरलेल्या पाव भागात रोटी, बटाटा, रताळं हे सगळं मिळून. इन्सुलिन जेवण तयार झाल्यावरच. ‘दहा मिनिटांत वाढते’ म्हणून घ्यायला लावलं आणि ओव्हनने अर्धा तास खाल्ला, तर साखर खाली जाते.

टेबलावर प्रत्येक भांड्याला स्वतःचा चमचा. मुलाला पाव हवा असतो, तो दुसऱ्या टोकाला, आणि पावाचा हात पातेल्यात घालायचा नाही.

माझं माहेर अलिबागकडचं. थंडीत रायगडात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, जाडं मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आमची आजी शाकाहारी मंडळींसाठी दुसरं मडकं लावायची. जाळ एकच असे आणि सगळे त्याच्याभोवतीच बसत. ओव्हनसमोर उभी राहिले की मला तीच आठवते.

तेव्हा यंदा पाहुणे येण्याआधी एक करा. विचारा, “तुला काय चालत नाही, आणि किती चालत नाही?” समोरच्याने संकोचायच्या आत आपणच विचारायचं. आणि आजच हिंगाची डबी उलटी करून वाचा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.