ज्या जाचाला नाव नव्हते

कामावरून घरी आलेली बाई म्हणते, "उद्यापासून मी तिथं जाणार नाही." का, असे विचारले तर खाली बघत सांगते, "साहेब चांगला नाही." एवढेच. दुसऱ्या बाईला त्यातले सगळे कळते. पण अर्जात काय लिहायचे? 'साहेब चांगला नाही' या तीन शब्दांवर कोणते कार्यालय चौकशी लावील?

दुःखाला नाव नसले म्हणजे न्याय कशाचा मागायचा हेच ठरत नाही. नावाची ताकद आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार घालणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'हरिजन' या शब्दात तो प्रश्नच नाही.

असाच एक शब्द अमेरिकेतील कामकरी स्त्रियांनी १९७५ साली घडवला. कार्मिटा वुड ही बाई कॉर्नेल विद्यापीठाच्या अणुविज्ञान विभागात आठ वर्षे नोकरीला होती. तिथला एक वरिष्ठ शास्त्रज्ञ तिच्याशी सतत लगट करी. ती त्याला टाळत राहिली. मान-पाठ दुखू लागली, बदली मागितली ती मिळाली नाही, शेवटी १९७४ साली तिने नोकरी सोडली. बेकारभत्त्याचा अर्ज केला तेव्हा कारण विचारले गेले. तिच्याजवळ शब्द नव्हता. वैयक्तिक कारणाने नोकरी सोडली असे ठरवून भत्ता नाकारला गेला. अपीलही फेटाळले.

त्याच विद्यापीठात लिन फार्ली नावाची शिक्षिका 'स्त्रिया आणि काम' हा विषय शिकवीत असे. वर्गातल्या मुली आपापल्या नोकऱ्यांविषयी बोलू लागल्या, तर बहुतेकींची हकिकत एकच निघाली. मग इथाका गावी जाहीर सभा घ्यायचे ठरले. आता फलकावर लिहायचे काय? धाकदपटशा म्हणावे, तर साहेब नेहमी धमकी देतोच असे नाही. जबरदस्ती म्हणावी, तर हात न लावताही जाच होतो. उघड आणि आडून, दोन्ही प्रकारचा त्रास ज्यात मावेल असा शब्द हवा होता. कोणीतरी सुचवले, 'सेक्शुअल हॅरॅसमेंट'. तोच ठरला. ४ मे १९७५ रोजी सभा झाली. सुमारे पावणेतीनशे स्त्रिया आल्या होत्या. हॉटेलातल्या वाढपी, कचेरीतल्या सेक्रेटरी, कारखान्यातल्या कामगार उभ्या राहून बोलल्या.

शब्द पुढे न्यायालयात गेला, आणि तो नेणाऱ्यांत काळ्या स्त्रिया आघाडीवर होत्या. मिशेल व्हिन्सन या बँकेतील काळ्या कर्मचारी स्त्रीच्या खटल्यात १९८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा छळ हा बेकायदेशीर भेदभाव ठरवला. दोन जोखडे ज्यांच्या मानेवर, त्याच आधी उठल्या!

आपल्याकडे काय होते? बोलण्यात 'छेडछाड', 'मस्करी'. म्हणजे करणाऱ्याची गंमत. आणि १८६० च्या दंड संहितेत 'विनयभंग'. या शब्दाचा नीट विचार करा. गुन्हा पुरुषाने करायचा आणि तपासायचा मात्र बाईचा विनय! ती किती वाजता बाहेर होती, तिने काय नेसले होते, हे प्रश्न या शब्दातूनच निघतात. 'लैंगिक छळ' म्हटले की बोट छळणाऱ्याकडे वळते. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हा गुन्हा आहे, पण विनयही अजून तिथेच आहे.

भारतात या शब्दाला कायद्याची व्याख्या मिळाली ती एका खेड्यातल्या बाईमुळे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी कुंभार समाजाच्या, शासनाच्या योजनेत 'साथिन' म्हणून काम करीत. बालविवाह थांबवू पाहिला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाही, असला तर्क त्यात होता. दिवसा शिवायचे नाही आणि अत्याचाराच्या वेळी विटाळ नाही, हे आपल्या लोकांना नवे नाही. स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. अंगाला हात लावणे, शरीरसुखाची मागणी करणे, अश्लील शेरे मारणे, अश्लील चित्रे दाखवणे, किंवा बाईला नकोसे असणारे असे कोणतेही लैंगिक वर्तन म्हणजे लैंगिक छळ, अशी व्याख्या झाली. यातला 'नकोसे' हा शब्द सर्वांत मोलाचा. नको की हवे, हे ती सांगणार.

संसदेने कायदा केला तो मात्र सोळा वर्षांनी, २०१३ साली. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी, छोट्या दुकानात राबणाऱ्या मुलींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यावर नेमलेल्या सदस्यांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग वा अल्पसंख्याक समाजातील एक तरी स्त्री असावी लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रार लेखी लागते. ज्या बाईला लिहिता येत नाही तिला ती लिहून काढायला मदत करणे हे समितीचे कायदेशीर काम आहे.